दुसरी खुर्ची

"उशीर झाला तर झाला, पण रांगेत या," असं म्हणत त्याने प्राप्तीच्या हातात लेझीम ठेवलीसुद्धा! ती बिचारी नुसती कुंपणापाशी उभी राहून बघत होती. पाडव्याची शोभायात्रा तोंडावर आली की डोंबिवलीतल्या त्या शाळेच्या मैदानात सराव रंगतो. पूर्वी तीच पहिल्या रांगेत असायची. आता फायब्रोमायल्जिया नावाच्या दुखण्याने अंग असं धरलेलं, की केस विंचरतानाही खांदे भरून येत. तपासण्या सगळ्या चांगल्या, म्हणून नातेवाइकांच्या मते ही सगळी नाटकं. डॉक्टर सांगत, हालचाल सोडू नका, झेपेल तेवढी रोज करा. आणि तिची आई, हेमाताई, उठता-बसता म्हणे, तू बस गं.

बसून बसून विटलेली पोर लेझीम परत देणारच होती, पण देणाऱ्याचे डोळे हसरे निघाले... मग काय, शिरली रांगेत.

सुदेश त्याचं नाव. कळव्याच्या खाडीकाठचा कोळी, पथकात हलगी वाजवायचा. ती मधेच बाजूला जाऊन टेकली की वाजवता वाजवता तिच्याकडे बघायचा.

"दमलीस गो?"

"छे... तुझी हलगी ऐकून कंटाळले."

सराव संपला की तो तिला रिक्षापर्यंत सोडायचा, आणि नेमकी रिक्षा लवकर मिळाली की दोघांचेही चेहरे पडायचे. आजाराबद्दल मात्र तिने चकार शब्द काढला नाही. कळलं तर हाही बिचारी म्हणेल, ही एकच भीती.

आणि एके दिवशी अंग जरा हलकं वाटलं, समोर तो बघत होता... झालं! उठत-बसत करायच्या हातांसकट लेझमीचा सगळा डाव तिने न थांबता खेळला. सकाळी चादरीचाही भार सोसेना. आठवडाभर ती फिरकली नाही. तो रुसलाय हे फोनवर कळलं, तेव्हा कुठे तिने खरं काय ते सांगितलं.

ती परत गेली, तर मैदानात सावलीला एक खुर्ची मांडलेली. सुदेशनेच आणलेली.

"तू बस. नुसती बघ."

"बसवणारे घरी आहेत रे मला. तू तरी नको," एवढंच ती म्हणाली, लेझीम खुर्चीवर ठेवली आणि घरी आली. रात्री उशीत तोंड खुपसून मनसोक्त रडली.

पाडव्याला मात्र ती नऊवारी नेसली. आईचं ऐकून न ऐकल्यासारखं करून रिक्षाने, यात्रा जिथे संपते त्या देवळाच्या अलीकडच्या चौकात जाऊन उभी राहिली. तिथून देऊळ जवळ, तेवढं झेपण्यासारखं. पथक आलं. सुदेशने तिला पाहिलं, हलगी सावरत तो बाहेर आला. त्याच्या कमरेला तिचीच लेझीम खोचलेली होती. काढून त्याने पुढे धरली.

"उशीर झाला तर झाला... पण रांगेत ये."

तिने घेतली. "उद्या मी अंथरुणात असेन," ती म्हणाली.

"असू दे."

मग हलगी जराशी संथ झाली. का झाली, ते दोघांनाच ठाऊक. देवळापर्यंत तिचा एकही हात चुकला नाही.

दुसऱ्या दिवशी ती खरंच अंथरुणात होती, आणि संध्याकाळी तो दारात. हेमाताई चहा टाकायला आत गेल्या तसा तो हळूच म्हणाला, "ओहोटीला बाबांची होडी चिखलात बसते. म्हणून ती मोडीत काढत नाय कोणी. पाणी आलं की निघते."

"आणि लवकर आलंच नाही तर?"

"थांबायची सवय आहे आम्हाला." त्याने हात पुढे केला. "गॅलरीपर्यंत येतेस?"

ती उठली. पाय ठणकत होते, तरी त्याच्या हाताला धरून एकेक पाऊल टाकत गॅलरीत पोचली. हात काही सोडला नाही.

"मला तू आवडतोस, सुदेश," ती म्हणाली. "पण परत खुर्ची आणलीस ना, तर बघ..."

"आणणार," तो म्हणाला. "दोन आणीन. तू बसशील तेव्हा मीपण बसेन."

प्राप्ती हसली. हसताना बरगड्या दुखल्या, तरी हसत राहिली.