एक आणि पाच

ग्रंथालयाच्या तळघरात, जिन्याला लागून, मीडिया सर्व्हिसचा काउंटर होता. कॅमेरे, तिपाया, प्रोजेक्टर, वायरींची भेंडोळी, सगळं तिथे ओळखपत्र दाखवून न्यायचं आणि संध्याकाळी परत करायचं. सिनेमा शिकणारी मुलं कॅमेरे नेत आणि वाळू भरून आणत. प्राध्यापक रिमोट नेत आणि खिशात घालून घरी जात. काउंटरमागे डोरीन च्युइंगगम चघळत बसलेली असे आणि मुलांना तोंडावर, प्राध्यापकांना पाठीमागे शिव्या देई.

मार्लिस नेल्बी तिथून एक निळी पेटी न्यायची. पेटीत दोनच वस्तू होत्या. शिकवणाऱ्याने कॉलरला लावायचा माइक, आणि मार्लिसने गळ्यात अडकवायचा रिसिव्हर. ती चार वर्षांची असताना एका तापात तिचे कान जवळजवळ गेले होते. कानात मशीन घालून आणि समोरच्याचे ओठ बघून तिचं भागायचं, पण भरल्या वर्गात त्या मशीनमधून नुसता कालवा यायचा. शिकवणाऱ्याने माइक लावला की त्याचा आवाज थेट तिच्या कानात उतरायचा. अडचण एवढीच, की शिकवणाऱ्याने तो लावायला हवा.

प्रोफेसर हॅडली लावत नसत.

"मिस नेल्बी, माझा आवाज मागच्या बाकापर्यंत जातो," पहिल्याच दिवशी ते म्हणाले होते. मग वर्गाकडे वळून, "काय हो, मागे ऐकू येतंय ना?" मागचे "हो" म्हणाले. ज्याला ऐकू येत नाही तो या प्रश्नाला उत्तर कसं देणार, हा विचार या शहाण्या माणसाच्या डोक्याला तीस वर्षांत शिवला नव्हता. माइक त्यांनी टेबलाच्या खणात टाकला आणि फळ्याकडे तोंड करून शिकवायला लागले. फळ्याला ओठ दिसले असतील, मार्लिसला दिसले नाहीत.

विषय औषधशास्त्र होता. तो सुटला तरच नर्सिंगला प्रवेश, नाहीतर पुन्हा वृद्धाश्रमात अंथरुणं बदलणं. मार्लिस ते काम तीन हिवाळे करत होती. तिथे ती कुठलाही आकडा कधी नुसता सांगायची नाही. "साठ. सहा आणि शून्य," असं फोडून सांगायची, कारण स्वतःच्या कानांवर तिचा काडीचा भरवसा नव्हता. तिथल्या नर्सा हसायच्या, पण चूक एकदाही झाली नव्हती.

पहिल्या चाचणीत झाली. रक्त पातळ करणाऱ्या एका औषधाचा डोस पुस्तकात जुना होता, नवा हॅडलींनी तोंडी सांगितला होता. पंधरा. तिला पन्नास ऐकू आलं होतं, तिने पन्नास लिहिलं.

हॅडलींनी तिचा पेपर सगळ्यांसमोर उचलून धरला. "मिस नेल्बींचा रुग्ण मेला," ते म्हणाले. "नाकातून, हिरड्यांतून, शेवटी मेंदूत रक्तस्राव होऊन. मी स्वतः हे औषध घेतो, म्हणून म्हटलं, माझी सेवा यांच्याकडे नको." मुलं हसली. शेजारचा कोरी तर बाकावर डोकं टेकवून हसला.

तिने कॉलेजच्या कार्यालयात तक्रार केली. कार्यालयाने हॅडलींना विचारलं, आणि आपण माइक वापरतो असं हॅडलींनी बिनदिक्कत सांगितलं. झालं. चोराच्या उलट्या बोंबा, आणि ऐकणारे चोराचेच सोयरे. "तुम्हीही थोडं पुढे बसून बघा," असा सल्ला वर मिळाला. ती पहिल्याच बाकावर बसत होती.

त्या दिवशी तळघराचा जिना उतरताना तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली होती. पेटी उघडून तिने माइक मुठीत घेतला. एरवी तो चालतो का हे बघायला ती त्यावर नख वाजवायची, बोलायची नाही. स्वतःचा आवाज तिला पिंपात तोंड घातल्यासारखा ऐकू यायचा, आणि शाळेतली मुलं त्या आवाजाच्या नकला करायची. म्हणून रेकॉर्ड केलेला तर तिने तो जन्मात ऐकला नव्हता. आज मात्र ती माइक ओठांशी नेऊन त्यात दात-ओठ खाऊन बोलली.

"एकदा तरी तुझ्या कानांनी तुला दगा देऊ दे. एकदा तरी."

रिसिव्हर पेटीत होता, बटण बंद. माइकवरचा हिरवा दिवा तेवढा लागलेला होता.

पुढच्या तासाला हॅडलींनी माइक नेहमीप्रमाणे खणात टाकला. मार्लिसने रिसिव्हर गळ्यात घातला, केवळ हट्टाने, त्यांना तो दिसत राहावा म्हणून. बाहेर बर्फ हटवणाऱ्या गाडीचा धक्का खुर्चीतून जाणवत होता. हॅडली फळ्याकडे वळले.

"आज मूत्रपिंड," कानात कुणीतरी म्हणालं.

बाईचा आवाज होता. सावकाश, स्वच्छ, जरासा त्रासलेला. समोरच्याला कळेपर्यंत उठायचं नाही असं ठरवून बसलेल्या माणसाचा असतो तसा. मार्लिसने दचकून मागे पाहिलं. सगळ्या माना वहीत होत्या. आवाज औषधांची नावं सांगत होता, फळ्यावर हॅडली तीच नावं लिहीत होते. आकडा आला तेव्हा बाई थांबली आणि म्हणाली, "बारा. एक आणि दोन."

कुणीतरी कसलेली नर्स असणार, मार्लिसच्या मनात आलं. शेजारच्या इमारतीत हाच धडा चालू असेल, त्यांचा माइक आपल्यावर लागत असेल. तासभर तिने एकही शब्द न चुकवता लिहून घेतलं. बाहेर पडली तेव्हा तिचे डोळे भरून आले होते, आणि त्याचाही तिला राग आला. एवढं साधं होतं तर.

"दुसऱ्या इमारतीत?" डोरीन म्हणाली. "बये, या चॅनलवर अख्ख्या कॉलेजात हा एकच माइक आहे." तिने निळ्या पेटीतला माइक उचलून त्याचं झाकण सरकवलं. आतली जागा रिकामी होती. "आणि त्यात सेल नाहीत. मागच्या आठवड्यात मीच काढून घेतले. म्हटलं, तो बोकड खणातच ठेवतो, सेल कशाला सडवा? मला वाटलं तुला ठाऊक आहे."

"मग मला ऐकू कसं आलं?"

"आलं ना ऐकू? मग रड कसली? आमच्याकडे लोक ऐकू येत नाही म्हणून येतात." डोरीनने रिसिव्हर स्वतःच्या कानाला लावून पाहिला, खांदे उडवले. "शू की चू नाही. वायर सैल असेल. नवे सेल घालू का?"

"नको," मार्लिस म्हणाली, आणि आपण नको का म्हणालो हे तिला कळलं नाही.

दुसऱ्या चाचणीत तिला वर्गात सर्वांत जास्त गुण मिळाले. हॅडलींनी पेपर देताना चष्म्यावरून पाहिलं. "बघा. माइक लागतच नव्हता ना? लक्ष लागत होतं." तिची मूठ टेबलाखाली वळली. प्रवेशासाठी आता एकच चाचणी उरली होती. तिने दात आवळून "थँक यू, प्रोफेसर" म्हटलं.

आवाज रोज यायचा. वर्ग भरल्याशिवाय नाही आणि वर्ग सुटल्यावर नाही. मार्लिसला त्याची सवय झाली. वृद्धाश्रमात जेवताना, पुढ्यातला बटाटे घालून भट्टीत भाजलेला हॉटडिश गार होईपर्यंत, ती त्या बाईची वाक्यं मनात घोळवत बसायची. कुणीतरी एकदाचं तिच्या बाजूने बोलत होतं.

मग तिच्या एक गोष्ट ध्यानात आली. आवाज हॅडलींबरोबर चालत नव्हता. पुढे चालत होता.

आधी एखादा शब्द, मग अर्धं वाक्य. बाई म्हणायची, "यकृतावर ताण येतो." मग हॅडली तोंड उघडायचे आणि त्यांच्या ओठांवर तेच यायचं. एकदा बाई शब्दाशी अडखळली, घसा साफ करून पुन्हा म्हणाली. हॅडली अडखळले, त्यांनी घसा साफ केला. एकदा ती काही बोललीच नाही. हॅडली हातातला खडू तसाच धरून उभे राहिले, डोळे अर्धवट मिटून, मान किंचित कलती करून. ती मान मार्लिसच्या ओळखीची होती. ऐकू न येणारी माणसं अशीच मान करतात.

वर्गात कुणालाच काही वावगं वाटलं नाही.

गुरुवारी उजळणी होती. आकाश राखेसारखं होतं, खोलीत ओल्या बुटांचा वास कोंडला होता. हॅडली मजेत होते. रक्त पातळ करणाऱ्या औषधावर आले तेव्हा त्यांनी मार्लिसकडे बघून डोळे मिचकावले, आणि काही मुलं आधीच हसली.

"पन्नास," कानात बाई म्हणाली. "पाच आणि शून्य."

मार्लिसचं पेन थांबलं.

हॅडलींनी फळ्यावर लिहिलं, ५०. खाली दोन रेघा मारल्या.

"प्रोफेसर," तिने हात वर केला, "पंधरा ना?"

"मिस नेल्बी! आपली गाडी पुन्हा त्याच आकड्यावर?" ते टेबलाला रेलले. "ज्यांना ऐकू येतं त्यांनी सांगा. मी काय म्हणालो?"

"पन्नास," सगळा वर्ग म्हणाला.

"मागच्या वेळी तुम्हीच मला..." तिचा आवाज चिरकला. "पन्नास लिहिलं म्हणून रुग्ण मेला म्हणालात!"

"तुम्ही काय ऐकलंत ते मला कसं कळणार?" हॅडली शांतपणे म्हणाले. आता सगळेच हसले. कोरीच्या वहीत आधीच्या पानावर पंधरा होतं, ठळक, चौकटीत. तिच्या डोळ्यांदेखत त्याने ते खोडलं आणि वर पन्नास लिहिलं.

एवढ्या मोठ्या वर्गात ज्या एकीला ती चूक कळली होती, ती बहिरी होती. रागाने तिला समोरचं दिसेनासं झालं.

तास संपल्यावर हॅडलींनी खिशातून गोळ्यांची डबी काढली, आठवड्याच्या वारांचे खण असलेली. एक खण उघडून ते बराच वेळ त्यात बघत राहिले. मग मान कलती केली.

मार्लिस दारात उभी होती. पुढे होऊन आणखी एकदा सांगता आलं असतं, ओरडून सांगता आलं असतं. तिचा आवाजही मागच्या बाकापर्यंत गेला असता. पण तिच्या अंगाची अजून लाही होत होती. मरू दे, ती मनात म्हणाली, आणि कोट अडकवून निघून गेली.

सोमवारी वर्गाच्या दारावर चिठ्ठी होती. तास रद्द.

ती तडक तळघरात गेली. डोरीनचे डोळे लाल होते.

"हॅडली गेला. मेंदूत रक्तस्राव झाला म्हणे. शनिवारी सकाळी बायकोला न्हाणीघरात सापडला. डबीत प्रत्येक खणात तीनच्या जागी दहा-दहा गोळ्या. स्वतःच्या हाताने भरलेल्या. पाच मिलिग्रॅमच्या दहा गोळ्या म्हणजे पन्नास झाले, मार्लिस. हा विषय शिकवणारा माणूस! मी त्याला बोकड म्हणायचे, देव मला क्षमा करो."

मार्लिसने निळी पेटी काउंटरवर आपटली. "हे घे. मला नको."

"अगं, नव्या बाई येतायत. त्या माइक लावीन म्हणाल्या."

"मला नको म्हटलं ना! यात कुणीतरी आहे, डोरीन. एक बाई. त्यांनी पन्नास म्हणायच्या आधी ती पन्नास म्हणाली. मी ऐकलं."

डोरीनने तिच्याकडे पाहिलं. मग माइकचं झाकण सरकवलं. आत सेल नव्हते. तिने फळीवरून दुसरा रिसिव्हर काढला, त्याला हेडफोन जोडून डोक्यावर चढवला. "तुझाही चालू कर," ती म्हणाली.

मार्लिसने रिसिव्हर गळ्यात घातला आणि बटण दाबलं.

वर्ग नव्हता, तरी आवाज होता. संथ, स्वच्छ. एकामागून एक आकडे सांगत होता, फोडून, न थकता.

डोरीनचं चघळणं थांबलं.

"येतंय ना ऐकू?"

"येतंय."

"कोण आहे ती?"

डोरीन मार्लिसच्या ओठांकडे बघत होती. जन्मभर मार्लिसने लोकांच्या ओठांकडे असं पाहिलं होतं. तिच्या ओठांकडे असं कुणी पाहत नसे.

"चेष्टा पुरे," डोरीन म्हणाली. तिने हेडफोन हळूच उतरवला आणि काउंटरपासून मागे सरकली. "हा तुझाच आवाज आहे."

आकडे थांबले.

"मी नाही," कानात ती म्हणाली.

मार्लिसची मान हलली. मग तिचं तोंड उघडलं.

"मी नाही," ती म्हणाली.