कापडातली हवा

बोईसरला, तारापूर एमआयडीसीच्या नाक्यावर, चंद्रकांताबाईंच्या टपरीपाशी कीर्ती चहाची वाट बघत उभी होती. तेवढ्यात शेजारून एका तरुणाचा आवाज आला –

“कानामागं कापूस अडकलाय तुमच्या.”

तिनं चाचपून पाहिलं. पांढराशुभ्र, हाताला लागेल न लागेल असा धागा बोटाला चिकटून आला.

“कापूस नाही हा. नॉनस्टिक तव्यावर लेप असतो ना, त्याच्या जातकुळीचं प्लास्टिक. आम्ही त्याचं कापड करतो.”

“मागावर?”

“सुईवर. पातळ द्रावण सुईतून सोडायचं आणि भरपूर व्होल्टेज लावायचं... वीजच त्याचा धागा ओढते.”

“आमच्या दातिवऱ्यात जाळी विणणारे लय हायेत,” तो हसला, “पण विजेला कामाला लावणारं कोनी नाय.”

“दातिवरे? मी शेजारच्या एडवणची.”

“तरीच.”

“तरीच काय?”

“अनोळखी मानसाला एवढं प्रेमानं समजावलंत.”

कीर्तीनं पेला तोंडाला लावला. चहा फार गरम नव्हता, तरी कानाच्या पाळ्या तापल्या. तो निघून गेला, नाव विचारायचं राहूनच गेलं. मग रोज त्याच वेळी तिला चहाची तलफ येऊ लागली. तो मात्र दिसला नाही...

दिसला तो थेट अँटेना बनवणाऱ्या कंपनीच्या प्रयोगशाळेत. तिचं कापड त्या अँटेनात बसायचं होतं. कापडात सिग्नल जितका कमी अडकेल तितकं बरं, आणि त्या अडकण्याचं माप इथल्या यंत्रावर निघायचं. माप ठरलेल्या मर्यादेबाहेर गेलं तर बोईसरचं हे काम बंद होणार होतं आणि कीर्तीची बदली भरूचला. आजारातून नुकत्याच उठलेल्या आईला ती अजून हे बोललीही नव्हती.

पांढऱ्या कोटातला तो वळला. खिशावर नाव होतं – मितेश. ती हसली. त्यानं नजर यंत्राकडे वळवली.

“नमुना इथं ठेवा, मॅडम.”

मॅडम! कीर्तीचं हसू ओठांवरच विरलं.

त्यानं दोन धातूच्या चकत्यांमध्ये कापड घट्ट आवळलं, माप घेतलं, पुन्हा घेतलं. “आकडा जास्त येतोय,” तो हळूच म्हणाला. “मर्यादेत बसत नाही.”

तिनं चकत्यांमधून कापड काढून हातात घेतलं... आणि थबकली. मऊ, फुगीर कापड पापडासारखं चपटं झालं होतं.

“यात धागा थोडा, हवाच जास्त असते,” ती म्हणाली. “हवेमुळेच आकडा खाली येतो. तुमच्या चकत्यांनी ती सगळी पिळून काढलीय.”

मितेशनं ते चपटं कापड निरखलं. त्याच्या चेहऱ्यावर काहीतरी उजळलं, पण तो एवढंच म्हणाला, “हे मला नका सांगू. हंसा मॅडमना सांगा, माझ्यासमोर.”

इतका कोरडेपणा? कीर्ती मनातून दुखावली, पण गेली. प्रयोगशाळेच्या प्रमुख हंसा मॅडमनी चपटा झालेला आणि न आवळलेला, असे दोन्ही तुकडे बोटांत धरून पाहिले. “चकत्यांमधलं अंतर कापडाच्या जाडीइतकं ठेव, मितेश. दाब नको. नवा तुकडा घे.”

यंत्र सुरू झालं. पडद्यावरचा आकडा हलला, उतरला, आणखी उतरला... आणि हव्या त्या मर्यादेच्या बराच खाली येऊन थांबला. हंसा मॅडमनी स्वतः पुन्हा मोजून पाहिलं.

“बसतंय. अहवाल आत्ताच पाठवते.”

कीर्ती स्टुलावर बसली ती बसलीच. इतके दिवस छातीत अडकून राहिलेला श्वास एकदम सुटला, आणि हसता हसता डोळे भरून आले.

ती बाहेर पडली तेव्हा संध्याकाळचं खारं वारं सुटलं होतं. मागून पावलं वाजली.

“रागावलात?”

“मी कशाला रागावू? मी मॅडम आहे.”

“आत तुमच्याशी हसून बोललो असतो,” मितेश म्हणाला, “तर लोक म्हनले असते, पोरानं पोरीसाठी पास केलं. कापूड तुमचं, मेहनत तुमची... नाव माझ्या हसन्याचं झालं असतं. टपरीवर पन त्यासाठीच येत नव्हतो. तुमचा नमुना आमच्याकडं येनार ते आपन भेटलो त्याच्या दुसऱ्याच दिवशी कळलं होतं.”

कीर्तीचा राग कधी उतरला, तिचं तिलाच कळलं नाही.

“आता अहवाल गेला,” तो अडखळला. “म्हनजे आता बोलायला हरकत नाय. मला तुमी आवडता. आकडा वर चढला तेवा... माझेच हात गार पडले होते.”

“माझ्या घरचे वाडीवाले, मितेश. तुमच्या घरी मासेमारीची बोट. जमेल घरच्यांना?”

“आईच्या कानावर घातलंय मी.”

“काय म्हणाल्या?”

“म्हनाली, पोरगी मासे खाते का तेवढं विचार.”

कीर्ती खळखळून हसली. रस्त्यानं जाणारे दोघे-तिघे वळून बघायला लागले, तरी तिला थांबवेना.

“खाते म्हणावं,” ती म्हणाली, “आणि रविवारी तू एडवणला ये. माझ्या आईला काय काय विचारायचंय, ते तीच ठरवेल.”