खंडेनवमीची रायफल

“रायफल खराब न्हाई. खराब केलीय कुणीतरी!”

भरत गाडगे उंबऱ्यातूनच ओरडला. खुर्ची पुढे केली तरी बसला नाही.

नारायणगावात टोमॅटो मार्केटच्या मागे वैजयंती डुंबरेचं ऑफिस आहे. ऑफिस म्हणजे एक टेबल, तीन खुर्च्या आणि सुदर्शन. वैजयंतीने साहेबाच्या तोंडावर राजीनामा फेकून पोलिसातली नोकरी सोडली, तेव्हापासून ती खासगी तपास करते. सुदर्शन तिचा मावसभाऊ. शाळेत चित्रकला शिकवून निवृत्त झालेला. तिची जीप चालवतो आणि दर प्रकरणात भलत्याच माणसाला गुन्हेगार ठरवून मोकळा होतो.

“बसा आणि नीट सांगा,” वैजयंती म्हणाली.

भरतने सांगितलं. तो निमगाव सावाचा. अवसरी खुर्दच्या कॉलेजात इंजिनिअर झाला आणि अंकित ओसवाल या मित्राबरोबर कॉलेजच्याच रस्त्यावर कारखाना काढला. परवाना मिळवून दोघांनी पायदळासाठी रायफल बनवली. नळीपासून खटक्यापर्यंत सगळी इथली. काल घाटघरच्या वाटेवर फौजेच्या समितीपुढे तिची चाचणी होती. एक परदेशी रायफल, एक यांची.

“परदेशी धडाधड चालली. आमची मात्र एक गोळी उडाली की दोन फुसक्या. टिक, टिक! समितीतले साहेब तोंड लपवून हसत होते, ताई. फक्त कर्नलसाहेब म्हणाले, उद्या सकाळपर्यंत थांबतो, कारण दाखवा, पुन्हा संधी देतो. न्हाई दाखवलं तर अहवालात जाणार की देशी रायफल भरवशाची न्हाई. मग संपलंच. पुन्हा आम्हाला दारात कोण उभं करतंय?”

सुदर्शनला राहवलं नाही. “रागावू नका भरतराव, पण परदेशी घेतली तर बिघडलं कुठं? गोळीबारात सापडलेला पोरगा बंदूक कुठल्या गावची ते विचारतो का? चालली म्हणजे झालं.”

“चालली पाहिजे, हेच मी म्हणतोय ना मास्तर! अन् ऐन लढाईत सुटे भाग संपले, विकणाऱ्यानं तोंड फिरवलं, मग काय काठ्या देणार पोरांच्या हातात? आमची रायफल खरीखुरी हरली असती ना, तर कारखान्याला कुलूप लावून गप घरी बसलो असतो. पण असली हार मी मानणार न्हाई. मेलो तरी मानणार न्हाई.”

त्याने टेबलावर न उडालेली काडतुसं ठेवली आणि कागदाच्या पुडीतून दाभणासारखी पोलादी पिन काढली. खटका दाबला की हीच पुढे जाऊन काडतुसाच्या बुडावर टोला मारते. काडतुसांवरचे टोले उथळ होते.

“पिन केसभर आखूड झालीय,” भरत म्हणाला. “समिती म्हणते, तुमचंच माप चुकलं.”

वैजयंतीने पिनेचं टोक भिंगाखाली धरलं. “सुदर्शनभाऊ, काय दिसतं?”

“ओरखडे. बारीक, गोलगोल, एकावर एक. मी पोरांना छटा भरायला शिकवायचो ना, अगदी तसा हात फिरवलाय.”

“ग्राइंडरवर धरली असती तर?”

“सरळ रेघा पडतात,” भरत म्हणाला, “अन् तापून निळी झाक येते.”

“निळी झाक नाही. कानशीने घासली असती तर?”

“कानशीच्या पण सरळच रेघा.”

“चला, कारखाना बघू,” वैजयंती उठली.

कारखान्यात पाऊल टाकलं तर सगळी यंत्रं नवऱ्या मुलासारखी सजलेली. खंडेनवमीला घातलेल्या झेंडूच्या माळा सुकून काळ्या पडल्या होत्या. दसऱ्याची सुट्टी, पाठोपाठ चाचणी, मग काम सुरू करायला सवड कुणाला होती! ग्राइंडरच्या चाकातून ओवलेली माळ तशीच होती, एक पाकळी तुटलेली नव्हती. फळीवर कानशी, पाने, पकडी ओळीने मांडलेल्या. प्रत्येकीवर हळदकुंकवाची बोटं वाळून खडखडीत झाली होती. एका कात्रीवरचं कुंकू तेवढं पुसलेलं होतं.

“नवमीला रायफलही पूजेत होती?”

“व्हय. तिजोरीतून काढली, सुटी करून मांडली. नवमीला हत्यार पूजलं की त्या दिवशी त्याला विसावा. यंत्र चालवायचं न्हाई, पान्यालासुद्धा हात लावायचा न्हाई. आमच्याकडं पिढ्यान् पिढ्या चालत आलंय. दुपारी सगळे अंगणात पुरणपोळी जेवायला बसलो. कर्ण्यावर सनई चालू व्हती. जेवून आल्यावर मीच नुसत्या हातांनी रायफल जोडली, पेटीत ठेवली अन् फौजेच्या माणसानं लाखेचं सील मारलं. ते मोडलं चाचणीच्याच वेळी.”

“म्हणजे जे झालं ते जेवणाच्या वेळी. तेव्हा आत कोण होतं?”

“पहाऱ्याला माझे चुलते, संपतकाका. फौजेतून सुभेदार म्हणून रिटायर झाले. आमच्या रायफलीची परीक्षा तेच घेतात. मधे अंकितचे वडील पारसमलशेठ आत जाऊन बसले व्हते. अन् परदेशी रायफलवाल्यांचा एजंट आला व्हता, विक्रांत मलकानी. म्हणे शुभेच्छा द्यायला!”

“शुभेच्छा!” सुदर्शन फुत्कारला. “ताई, मिटला तपास. हाच तो.”

“मग त्याच्याकडे शेवटी जाऊ,” वैजयंती म्हणाली.

पारसमल ओसवालांचं मंचरला कापडाचं दुकान. त्यांनी गादीवर बसवून पाणी दिलं आणि विचारायच्या आधीच तोफ डागली.

“होय, माझा विरोध आहे! आमच्या घरात मुंगी वाचवून पाऊल टाकतात आणि पोरगा बंदुका घडवतो. मी त्याच्या तोंडावर बोललो, चार माणसांत बोललो. लपूनछपून करायला मी काय चोर आहे?”

“नवमीला तिथे काय केलंत?”

“काय करणार? भांडण असलं तरी पोटचा पोर आहे. मिठाई घेऊन गेलो होतो. खोक्याची सुतळी कापायला फळीवरची कात्री उचलली, तर तो सुभेदार अंगावर धावून आला! ‘शेटजी, पूजेचं हत्यार हाय, ठिवा खाली!’ आता मला काय माहीत? आमचं पूजन दिवाळीला. मी म्हटलं, एवढी यंत्रं दिवसभर बंद ठेवता, धंदा करता की गंमत? तर त्याने मला बाहेरच काढलं.”

मलकानी जुन्नरच्या हॉटेलात उतरला होता. तो हसतच बाहेर आला.

“मॅडम, मी कशाला काही करू? आमची रायफल चाळीस देशांत चालते. आणि करायचंच असतं तर असं करीन? माझ्या गाडीत अख्खी टूलकिट आहे. नकली पिन बाहेरून बनवून आणली असती, टाकली असती, खरी खिशात घालून चहा पिऊन निघालो असतो. घासत कोण बसतं?”

“आत किती वेळ होतात?”

“पाच मिनिटं असेन. ग्राइंडरला टेकलो तर तो म्हातारा खेकसला, बूट काढा म्हणाला. मी बूटही काढले नाहीत आणि थांबलोही नाही.”

जीपमध्ये बसताना सुदर्शन कुजबुजला, “पिन घासली हे याला कसं कळलं?”

“काल समितीपुढे भरतने तेच ओरडून सांगितलं होतं. सगळ्या मैदानाने ऐकलंय, भाऊ.”

निमगाव सावाला संपत गाडगे गोठ्यापाशी बसले होते. सत्तरीचा माणूस, पण पाठ ताठ. पुढ्यात घास कापायचा कोयता, तळहातात मावेल एवढा धार लावायचा कुरुंदाचा दगड. पात्यावर दगड गोलगोल फिरत होता. त्यांनी सारजाबाईंना, म्हणजे बायकोला, चहा टाकायला सांगितलं आणि पुन्हा कामाला लागले.

“काका, रायफल कशी होती?” वैजयंतीने विचारलं.

“लई चांगली. चिखलात बुडवली, वाळूत लोळवली, रातभर पाण्यात ठिवली. एकदाबी अडली न्हाई.”

“आणि चाचणीत?”

दगड थांबला. “तितं अडली.”

“जेवणाच्या वेळी पहाऱ्यावर तुम्हीच होतात?”

“मीच व्हतो. शेट अन् तो एजंट गेल्याव एकटाच व्हतो.”

भिंतीवर एका तरुण जवानाचा फोटो होता. सुदर्शन बघत राहिला तसे संपतकाका म्हणाले, “कुशाबा. घाटघरचा. माज्या पलटणीतला. माज्या शेजारी गेला. त्याची बंदूक ऐन टायमाला अडली.”

“कुठली होती?” वैजयंतीने विचारलं.

“आपलीच. तवाची,” ते म्हणाले आणि दगड पुन्हा फिरू लागला.

परतताना सुदर्शनने जीप दामटली. “असल्या माणसाच्या पहाऱ्यात त्या मलकानीने डाव साधला! आधी त्याला उचला, ताई.”

वैजयंतीने फोन करून सगळ्यांना दिवस मावळायच्या आत कारखान्यात बोलावलं.

सगळे आले. पारसमल आणि अंकित एका बाजूला, मलकानी घड्याळ बघत, संपतकाका दाराशी उभे. भरतने तर दुपारपासून घास खाल्ला नव्हता.

“पिन हाताने घासलीय,” वैजयंतीने सुरुवात केली. “गोलगोल, दगडाने. आता बघा, माणूस इथे एकटा आहे, हाताशी वेळ थोडा आहे. चार पावलांवर ग्राइंडर आहे, काम चुटकीसरशी होईल. आवाजाची भीती म्हणाल, तर बाहेर कर्णा कोकलतोय. तरी ग्राइंडरची माळ जशीच्या तशी. बरं, ग्राइंडर नको तर नको, समोर इतक्या कानशी आहेत. कानशीला कितीसा आवाज? पण एकाही कानशीवरचं कुंकू हललेलं नाही. असा कसा हा चोर?”

“मलकानींना पूजेचं काय? ते यंत्राला टेकून, बुटांसकट उभे होते. आणि ते नकली पिन घेऊनच आले असते, हे त्यांचं म्हणणं मला पटतं. पारसमलशेठना ही रीत ठाऊकच नव्हती, कात्री त्यांनी सहज उचलली. त्यांना पिन घासायची असती तर कानसही तशीच सहज उचलली असती. हे काम अशा माणसाचं आहे, जो रायफल बिघडवायला तयार झाला, पण नवमीला विसावलेलं हत्यार उचलायला धजला नाही. पिनेला हात लावावाच लागला, तेवढं पाप त्याने पदरात घेतलं. बाकी सगळं टाळून त्याने खिशातला दगड काढला. दगड काही हत्यार नाही, त्याची पूजा होत नाही.”

सुदर्शनच्या डोळ्यांपुढे गोठा आला, कोयता आला. “नाही, ताई,” तो पुटपुटला.

“संपतकाका,” वैजयंती वळली, “सकाळपासून तुम्ही माझ्याशी एक शब्द खोटं बोलला नाहीत. म्हणून आता सरळ विचारते.”

“इचारा की. मीच केलं.” म्हाताऱ्याची मान खाली गेली नाही. “जवान पोरांच्या हातात पुन्यांदा देशी बंदूक नगं. जगातली चांगली आसंल ती घ्या. मी कुशाबाला मांडीव मरताना बघितलाय. मला जेलात घाला, माजी माफी मिळायची न्हाई.”

“काका!” भरत किंचाळला. “माझ्या ताटात जेवलात अन्—”

“थांबा भरतराव. काका, मला हे पटत नाही,” वैजयंती पुढे सरकली. “रायफल वाईट आहे असं तुम्हाला वाटत असतं, तर तिला हात लावायची गरजच काय होती? ती आपोआप पडली असती. तुम्ही तिला चिखलात घातलीत, पाण्यात घातलीत, ती अडली नाही. ती पास होणार हे या तालुक्यात तुमच्याइतकं कुणालाच ठाऊक नव्हतं. म्हणून तुम्ही पिन घासली. ती चांगली आहे म्हणून! खरं सांगा.”

इतक्या वर्षांत गाडग्यांच्या घराने पाहिलं नव्हतं ते झालं. सुभेदार भिंतीला टेकून खाली बसले.

“व्हय,” ते म्हणाले. “ती चालती. चिखलातून काडली तरी चालती. हेच मला सोसवंना! जर आपल्याला जमत व्हतं, तर तवा का न्हाई केली रं? तवा का न्हाई? मंग माजा कुशाबा कशापायी गेला?”

पारसमलशेठनी डोळे पुसले. मलकानीसुद्धा खाली बघत होता.

भरत काकांसमोर उकिडवा बसला. आवाज फुटत होता, पण नजर तीच, सकाळची. “तवा कुणी केली न्हाई म्हणून मी केली, काका. कुशाबाकाकाचं ऐकतच मोठा झालो ना मी! आता तुम्ही ती पाडलीत तर पुढचा कुशाबा तुमच्या नावावर. ते मी होऊ देणार न्हाई. उद्या साहेबासमोर तुम्हीच बोलायचं.”

सकाळी मैदानावर संपतकाकांनी कर्नलसाहेबांना कडक सलाम ठोकला.

“बंदुकीनं दगा दिला न्हाई, साहेब. दगा मी दिला. पोलिसांना बोलवा, माजं काय म्हणणं न्हाई. पण आदी तिला चांगली पिन घाला अन् त्या डबक्यात बुडवा. दुसरीलाबी बुडवा. मंग काय ल्ह्यायचं ते ल्ह्या.”

कर्नलसाहेबांनी भरतला नवी पिन बसवायला सांगितलं. मग त्यांनी एका जवानाला खूण केली. दोन्ही रायफली चिखलातून ओढून काढल्या. परदेशी चालली. देशीही चालली, पार शेवटच्या गोळीपर्यंत. सुदर्शनने कानांवरचे हात काढले तेव्हा त्याच्या लक्षात आलं की तो रडतोय.

“दोन्ही पुढच्या फेरीला,” कर्नलसाहेब म्हणाले. “निवड कुठलीही होवो, ती चाचणीवर होईल.” मग त्यांचा आवाज उतरला. “सुभेदारसाहेब, तक्रार मात्र मला द्यावीच लागेल.”

“द्या की,” संपतकाका म्हणाले.

पोलिसांची गाडी आली. संपतकाका कुणी न सांगता मागच्या बाकावर जाऊन बसले. पाठोपाठ भरत चढला.

“तू कुटं?” काका दरडावले.

“सोडवायला येतोय असं समजू नका. भांडायला येतोय. मला अजून लई बोलायचंय तुम्हाला.”

काका बाकावर थोडं सरकले.

“मंग बस की,” ते म्हणाले.