उरलेला हात

सिडकोतल्या त्या कॉलनीत नळ आठव्या दिवशी यायचा. त्यामुळं वैशाखात गेलेल्या तनुजाच्या आठवणीत काय बांधायचं, यावर कुणी फार डोकं चालवलं नाही. फाटकाबाहेर पाणपोई. नवरात्रातल्या आनंदमेळ्यात बायकांनी खाण्याचे स्टॉल लावायचे, मिळेल ते पाणपोईला द्यायचं. जो कुणी वेगळी देणगी देईल, त्याचा फोटो फ्लेक्सवर तनुजाच्या भोवती गोलात लागणार होता.

"सगळ्यांत जास्त राबते ती आमची श्रेया," महिला मंडळाच्या रत्नमालाकाकू येईल त्याला सांगायच्या. "जिवाभावाची मैत्रीण होती ना तिची."

श्रेया मान खाली घालून ऐकायची. तिला फक्त ती पाणपोई उभी राहायला हवी होती. तोटीतून पाणी पडायला लागलं की आपल्याला रात्रीची झोप लागेल, असं तिनं मनाशी धरलं होतं.

घटस्थापनेच्या आदल्या दिवशी रामहरी फ्लेक्सवाला पहिला फ्लेक्स घेऊन आला. फोटो मागच्या वर्षीच्या दांडियातला, दोघींचा. त्यातून श्रेयाला कापून काढलं होतं. तनुजा नेहमीसारखी डोळे बारीक करून हसत होती. तिच्या खांद्यावर मात्र चार बोटं उरली होती. एका बोटात लाल खड्याची अंगठी.

"अगं बाई, हा तर तुझा हात!" काकू हसल्या. "काय रे रामहरी, पोरीला कापलंस आणि हात तेवढा ठेवलास व्हय?"

"नजरेतून सुटला, काकू. उद्या साफ करून आणतो."

दुसऱ्या दिवशी खांदा साफ होता. हात डोक्यावर होता.

तळवा टाळूवर टेकलेला, बोटं केसांत रुतलेली, लाल खडा भांगाजवळ.

रामहरीनं फ्लेक्सवर अंगठा घासून बघितला. "मी काढला होता ताई. देवीची शप्पथ."

"असू दे की," काकू म्हणाल्या. "मायेनं हात ठेवल्यासारखा दिसतोय. किती गोड!"

"नको," श्रेया म्हणाली. "काढा तो."

घरी जाऊन तिनं उजव्या हातातली अंगठी काढायला घेतली. साबण लावला, तेल लावलं. अंगठी जागची हलली नाही.

त्या हातानं काय केलं होतं, ते तिच्याशिवाय कुणालाच ठाऊक नव्हतं. वैशाखातली दुपार. नळ यायच्या आधी बिल्डिंगचा हौद घासायची पाळी या दोघींची होती. कन्नड तालुक्यातली तनुजा अंगानं काडीसारखी. "म्या उतरते, तू तुझी पोरगी सांभाळ" म्हणून तीच आत उतरली. श्रेया वरून बादली ओढत होती. तेवढ्यात घरात अक्षदा रडत उठली, म्हणून श्रेया आत गेली. दीड वर्षाची पोर, नुकतीच पळायला शिकलेली. श्रेयाची पाठ वळली तशी ती निसटली. श्रेया मागोमाग धावली, तर ही हौदाच्या काठावर ओणवी. श्रेयानं डाव्या हातानं तिला कडेवर ओढलं, उजव्या हातानं लोखंडी झाकण खाली पाडलं आणि कडी घातली.

"तनू, आलीस ना गं वर?" असं तिनं विचारलंही होतं. उत्तरासाठी थांबली नव्हती. छातीशी धरलेली पोर थरथरत होती. तिला पाजता पाजता श्रेयाचा डोळा लागला.

त्या दिवशी नळ दोन तास लवकर आला.

जाग आल्यावर तिनं आधी जाऊन कडी काढली. मग ओरडली.

झाकण आपोआप पडलं असेल, असं सगळे म्हणाले. तीही तेच म्हणाली.

मेळ्याच्या दिवशी स्टेजमागं तिसरा फ्लेक्स लागला. त्यावर हात कुठंच नव्हता. श्रेयाला इतकं हलकं वाटलं, की धपाट्यांच्या स्टॉलवर ती चक्क गुणगुणायला लागली.

"वहिनी, दही वाढा की जरा! पाणपोईचं पाणी घातलंय का त्याच्यात?" कुणीतरी ओरडलं आणि रांग हसली. श्रेयाही हसली.

"अगं, हात!" काकू किंचाळल्या. "तव्यावर हात ठेवलायस!"

श्रेयानं बघितलं. तिचा उजवा तळवा तापलेल्या तव्याच्या कडेवर टेकलेला होता. तिला चटका बसला नव्हता. फोडही आला नाही. फक्त बोटांची टोकं पांढरी पडून सुरकुतली होती, खूप वेळ पाण्यात राहिल्यासारखी.

तेवढ्यात काकू अक्षदाला स्टेजवर घेऊन गेल्या. तिच्या हातात तिचा मातीचा गल्ला होता. "आपली सगळ्यांत छोटी देणगीदार!" काकूंनी माइकवर सांगितलं. टाळ्या पडल्या. रामहरीनं फोटो काढला. श्रेया मैदानाच्या दुसऱ्या टोकाला होती. गर्दीतून तिला लेकीची नुसती रिबीन दिसली.

दुसऱ्या दिवशी सकाळी नळाचा वार होता. श्रेया कणीक मळत होती. मोबाइल वाजला. रामहरीनं गोलात बसवलेला अक्षदाचा फोटो पाठवला होता. खाली लिहिलं होतं, "ताई, लेकीच्या डोक्यावर तुमचा हात आलाय. भारी दिसतंय. राहू द्यायचा ना?"

तळवा टाळूवर. बोटं केसांत. लाल खडा.

"अक्षू?"

दार सताड उघडं.

ती कणकेच्या हातानं धावत सुटली.

हौदाचं झाकण लागलेलं होतं. कडी घातलेली. शेजारी अक्षदा गुडघ्यांवर बसून लोखंडाला कान लावून ऐकत होती. कोरडी. धडधाकट.

"आई, पाणी आलं!" ती हसली.

श्रेया तिच्यासमोर खाली बसली. हात लेकीच्या डोक्यावर गेला. तिचे केस उन्हानं तापले असणार. हाताला ते कळलं नाही.

"आई, जड."

श्रेया हात काढायला गेली.

हात निघाला नाही.

"आई, दुखतंय."

खाली पाणी चढत होतं. अक्षदाची मान हळूहळू वाकत होती, आणि श्रेयाचा डावा हात कडी काढत होता.