फियाटमधला डग्गा

लाकडाने लादलेली बैलगाडी लकडगंजच्या गल्लीत आडवी झाली आणि तिच्यामागे एक पांढरी फियाट अडकून पडली. काचा खाली, टेप मोठ्याने चालू. तबला वाजत होता. पण डग्ग्यावर थाप पडली, की त्या तबल्यातून असा काही घरघराट उठायचा, जणू कागदाच्या पुड्यात भुंगा कोंडला आहे!

'गजभिये ऑटो रेडिओ'च्या काउंटरमागे शामला एका ट्रकचा टेप उघडून बसली होती. तिने एकदा दुर्लक्ष केलं. दुसऱ्यांदा दात आवळले. तिसऱ्या थापेला मात्र तिने हातातली कैची खाली ठेवली आणि सरळ दारात आली.

"ओ फियाटवाले! तुमचा उजवा स्पीकर फाटला आहे!"

चालकाने मान बाहेर काढली. सावळा चेहरा, उन्हाने बारीक झालेले डोळे. "स्पीकर नाही जी, तो डग्गा आहे."

"मंग डग्गा फाटला असन!"

तो हसला. अगदी मनापासून, डोळ्यांपर्यंत. समोरची बैलगाडी हलली, वाट मोकळी झाली, मागचे हॉर्न वाजवू लागले... पण फियाट पुढे गेली नाही. ती बाजूला वळली आणि दुकानासमोर येऊन उभी राहिली.

सन शहाऐंशीचा तो मार्च होता. तिचे वडील आनंदराव गजभिये फौजेत वायरलेस दुरुस्त करायचे. कामठीच्या छावणीतून निवृत्त झाल्यावर त्यांनी हे दुकान टाकलं. शामला इलेक्ट्रॉनिक्सचा डिप्लोमा करून आली आणि नोकरी न शोधता बापाशेजारच्या स्टुलावर बसली. लोक आधी तिच्याकडे बघत, मग "मिस्त्री कुठं आहे?" असं विचारत. आनंदराव चष्म्यावरून तिच्याकडे बोट दाखवत आणि पुन्हा पेपर वाचू लागत.

फियाटवाल्याने तसं विचारलं नाही. त्याने थेट तिलाच विचारलं, "तुम्हाले एवढ्या दुरून कसं समजलं?"

"कानानं," ती म्हणाली, आणि मागच्या काचेखालचे स्पीकर पाहायला वाकली.

त्याचं नाव मुकुंद भोयर. काटोलकडचा, घरी संत्र्याची बाग. बियाण्यांच्या कंपनीत फिरतीची नोकरी, म्हणून प्रताप नगरात खोली घेऊन राहत होता. तबल्याचा नाद मात्र लहानपणापासूनचा. कामठीला एका वयोवृद्ध गुरुजींकडे तो दर रविवारी शिकायला जायचा. बाकीचे दिवस गावोगाव हिंडताना गाडीत गुरुजींच्या धड्यांची कॅसेट ऐकायची आणि स्टिअरिंगवर बोटांनी ते धडे घोटायचे, असा त्याचा रियाज.

"पण मागच्या रविवारी गुरुजी खवळले," तो सांगू लागला. "म्हणे, तुझा डग्गा बोलून राहिला, पण 'ना'चा बोल कुठं गेला? किनारीवरची चाट कुठं गेली? आता मी काय सांगू... गाडीत मले ती ऐकूच येत नाही!"

शामलाला हसू आलं. तिने ते ओठांतच दाबलं, पण त्याने पाहिलंच.

त्या दिवशी तिने स्पीकर बदलून दिला. शिवाय उंच सुरांसाठी दोन छोटे ट्वीटर समोर लावून दिले. चार दिवसांनी फियाट परत हजर.

"आता 'ना' ऐकू येते," मुकुंद म्हणाला, "पण डग्गा जोरात वाजला, की तोही फाटते."

शामलाने गाडीत बसून ऐकलं. डोळे मिटून. मुकुंद शेजारच्या सीटवर श्वास रोखून बसला होता. तिच्या कपाळावर घामाचे बारीक थेंब, कानामागे खोचलेली पेन्सिल आणि बोटांना सोल्डरचा वास... टेप काय म्हणत होता, ते त्याला त्या घडीला विचारलं असतं तर सांगता आलं नसतं.

"ॲम्प्लिफायर एकच आहे ना," ती डोळे उघडून म्हणाली. "डग्ग्यानं त्याचा दम काढला, की त्याच्याजवळ 'ना'साठी काही उरतच नाही. मंग दोघंही फाटतात."

"यावर इलाज?"

"आहे. पण तो बाजारात भेटत नाही. मले बनवावा लागन. ॲक्टिव्ह क्रॉसओव्हर. टेपमधून आवाज निघाला, की ॲम्प्लिफायरमध्ये जायच्या आधीच त्याची वाटणी करायची. जाडा आवाज एका ॲम्प्लिफायरले, बारीक दुसऱ्याले. डग्ग्याचा स्पीकर वेगळा, चाटीचा वेगळा. कोणी कोणाच्या ताटात हात घालायचा नाही."

"म्हणजे वेगळे निघायचे?" मुकुंदचा चेहरा पडला. "मंग तबला एकसारखा कसा वाजन?"

"वेगळे फक्त तारेत," ती म्हणाली. "कानात येईपर्यंत एकच होतात."

हे बोलून झाल्यावर ती का कुणास ठाऊक, लाजली... आणि उगीचच स्क्रू ड्रायव्हर शोधू लागली. तो तिच्या हातातच होता.

क्रॉसओव्हर बनवायला दोन आठवडे लागले. सर्किट तिने तीनदा बदललं. तयार झालं, तर इंजिन सुरू केल्याबरोबर स्पीकरमधून शिट्टी यायला लागली. गाडीचा वेग वाढला की शिट्टीही चढायची. मुकुंद म्हणाला, "असू द्या, बासरीची साथ समजू!" पण शामला ऐकेना. सगळ्या अर्थिंगच्या तारा तिने एका जागी आणून बांधल्या, तेव्हा कुठे शिट्टी गेली. या सगळ्या काळात मुकुंदला फिरतीवर जाताना लकडगंज कसं काय वाटेवर पडायचं, हे नागपूरचा नकाशा पाहणाऱ्याला कळलं नसतं. कधी तो संत्री आणायचा, कधी नुसताच घाम पुसत कूलरसमोर उभा राहायचा. आनंदराव पेपरमागून म्हणायचे, "बसा भोयर, वारा फुकट आहे."

शेवटी चाचणीचा दिवस आला. मुकुंद चालवायला, शामला शेजारी मांडीवर क्रॉसओव्हरची पेटी घेऊन, आणि मागे आनंदराव. कामठी रोडला गाडी लागली. शामलाने आधी फक्त जाडा आवाज सोडला. डग्गा घुमला, पोटात उतरला. मग तिने हलक्या हाताने पेटीवरचा दुसरा स्क्रू फिरवला... आणि किनारीवरची चाट लखकन उमटली. स्वच्छ, कोरडी, जणू गुरुजी बॉनेटवर बसून वाजवताहेत!

मुकुंदने गाडी बाजूला कडुनिंबाखाली घेतली. त्याचे डोळे भरून आले होते.

"काय झालं?" शामला घाबरली. "काही चुकलं का?"

"नाही जी... गुरुजींचा हात आता कापते. हे असं त्यांनाही वाजवता येत नाही. मले वाटलं होतं, हे आता मले ऐकायलेच भेटणार नाही."

मागे आनंदरावांनी चष्मा काढून पुसला. शामलाने पर्समधून नेलपॉलिशची बाटली काढली आणि दोन्ही स्क्रूंच्या डोक्यावर एकेक लाल थेंब सोडला.

"हे काय?"

"सील. आता धक्क्यानं हलणार नाही."

"मले वाटलं, नेलपॉलिश नखांले लावतात."

"माझी नखं कोण पाहते?"

"मी पाहिली ना," तो हळूच म्हणाला.

मागच्या सीटवर खोकला ऐकू आला.

आठवडाभरात फियाट परत आली. चाट ऐकू येत नाही म्हणे. शामलाने डिकी उघडली, पेटी काढली. स्क्रूवरचा लाल थेंब मधोमध तडकला होता.

"हा कोणी फिरवला?"

"खड्डे लई आहेत ना रस्त्यानं..."

"असं? खड्ड्यांले स्क्रू ड्रायव्हर चालवता येते वाटते!"

मुकुंद कानापर्यंत लाल झाला. तिने गंभीर चेहऱ्याने स्क्रू जागेवर आणला, नवा थेंब सोडला. पुढच्या आठवड्यात तोही तडकलेला! आता मात्र दोघांनाही हसू आवरेना. ती डिकीवर डोकं टेकवून हसत राहिली, आणि तो नुसता बघत राहिला... तिचं हसू थांबलं, तरी बघतच राहिला.

तेव्हाच शामलाला कळून चुकलं, हे हसण्यावारी राहिलेलं नव्हतं.

दुपारची वेळ होती, आनंदराव जेवायला घरी गेले होते. तिने पेटी बंद केली आणि खाली मान घालून म्हणाली, "भोयर, मी सील पक्कं केलं आहे. आता परत येऊ नका."

"काहून?"

"तुम्हाले माहीत आहे काहून." तिने मान वर केली. "माझ्या बाबांनी छप्पन साली धम्माची दीक्षा घेतली. भिंतीवरचा फोटो तुम्ही रोज पाहता. तुमच्या गावात आमची वस्ती कुठं असते आणि तुमचं घर कुठं असते, हे मी सांगायचं का? माझ्या मावसबहिणीनं असंच एकाचं ऐकलं होतं. तो म्हणे, घरी सांगतो, घरी सांगतो... दोन वर्षं सांगतच राहिला. मले तसं थांबायचं नाही."

मुकुंदने तिच्याकडे एकदाच पाहिलं, असं, की शामलाला ती नजर सहन होईना. मग तो गाडीत बसला आणि निघून गेला. निरोपही घेतला नाही.

बरं झालं, असं तिने स्वतःला सांगितलं. दिवसातून बऱ्याचदा सांगितलं. एप्रिल तापत गेला. रस्ते दुपारी ओस पडू लागले. गल्लीत कुठलीही फियाट शिरली, की तिचा हात थांबायचा. आवाज ऐकून परत चालू लागायचा. एकदा तिने एका डॉक्टरच्या गाडीला उलट्या तारा जोडल्या. आनंदरावांनी त्या मुकाट्याने काढून सरळ केल्या आणि एवढंच म्हणाले, "जाऊ दे वं शामे. ऊन लागलं असन."

मग एका सकाळी ती पांढरी फियाट दुकानासमोर थांबली. टेप बंद होता. पुढच्या सीटवरून नऊवारी नेसलेली एक बाई उतरली. उन्हात रापलेली, डोईवर पदर, हातात पिशवी. मुकुंद मागून आला. तो आठवडाभर झोपला नसावा असा दिसत होता.

"तूच का शामला?" बाईने विचारलं. "मी मुकुंदाची माय. रुखमाबाई."

शामला उभी राहिली. आनंदरावांनी पेपर बाजूला ठेवला आणि स्टूल पुढे केलं. "बसा बाई."

रुखमाबाई बसल्या, पाणी मागून घेतलं, घटाघटा प्यायल्या. मग म्हणाल्या, "हा पोरगा घरी आला अन् बापासमोर उभा राहून म्हणे, लग्न करीन तर तिच्याशी. सारं सांगितलं, कोण तुम्ही, कुठले. ह्याचा बाप तवापासून ह्याच्याशी बोलून नाही राहिला. माह्याशीही नाही. मीही आधी लई रडले, खोटं कायले सांगू? पण मंग मनात आलं, पोरगी पाह्यल्याबिगर मी कोणासाठी रडून राहिली? म्हणून आली."

आनंदरावांनी रिकामा पेला उचलून काउंटरवर ठेवला.

"बाई," आनंदराव शांतपणे म्हणाले, "तुम्ही आल्या, हे मोठं केलं. पण माझी पोरगी कोणाच्या मेहेरबानीनं कोणाच्या घरात जाणार नाही. मानानं नेत असाल तर बोलू."

"माहे दोन हात आहेत भाऊ. माह्याकडून मान देईन. त्याच्या बापाचं आत्ताच कबूल करत नाही."

आता शामलाचा चेहरा तापला. "एक मिनिट. तुम्ही सगळे बोलून राहिले. पण यांनी मले तर काही विचारलंच नाही!"

रुखमाबाई वळल्या. "काहून गा? पोरीले विचारलं नाहीस?"

मुकुंद गडबडला. "त्या म्हणाल्या... घरी सांगतो सांगतो करणारा नको. म्हणून मी आधी घरी सांगितलं."

"अन् हिले?"

"हिले... यांना... राहून गेलं."

"अरे बाप्पा!" रुखमाबाईंनी कपाळाला हात लावला. आनंदरावांनी पेपर पुन्हा उचलून तोंडासमोर धरला, पण त्यांचे खांदे हलत होते.

"मंग विचार आता. आम्ही काही ऐकून नाही राहिलो."

मुकुंद काउंटरपर्यंत आला. गावोगाव शेतकऱ्यांसमोर तासन्‌तास बोलणारा हा माणूस. आता काउंटरवरचा एक स्क्रू बोटांत फिरवत अडखळू लागला. "शामला... मले तुमच्यासोबत राहायचं आहे. तुम्ही हे दुकान चालवा, मी फिरती करीन. संध्याकाळी भेटू. रोज. एवढंच... तुम्हाले चालन का?"

शामलाने काउंटरवरच्या तारा उगाच सारख्या केल्या. एकदा बापाकडे पाहिलं. मग रुखमाबाईंकडे.

"तुमच्या बाबांना भेटायले मी येईन," ती म्हणाली. "आता तुम्ही नाही सांगायचं माझ्याबद्दल. मीच बोलीन."

"अन् ते नाही म्हणाले तर?"

"तर ते त्यांचं 'नाही'." तिने आता सरळ त्याच्या डोळ्यांत पाहिलं. "माझं 'हो' आहे."

मुकुंद तसाच उभा राहिला. हसावं की रडावं हे त्याला ठरवता येत नसावं, म्हणून तो दोन्ही करत होता.

रुखमाबाईंनी पिशवी उचलली आणि त्याच्या पाठीत हलकेच धपाटा घातला. "चल, गाडी काढ आता. तिघं बसू पुढंमागं. तुह्या बापाची जेवायची वेळ झाली, की तो जरा नरम असते."

आनंदराव उठले, दुकानाचं शटर अर्धं ओढलं आणि चपला पायात सरकवत म्हणाले, "तिघं नाही बाई. चौघं."