आईला तूप बाधतं

“मिने, ये गं... बाटी गरम हाय, तूप थिजंल.”

लहानपणी ही हाक तांड्याच्या टोकापासून बोरीपर्यंत यायची. मिना धावत गेली की याडी, म्हणजे तिची आई जिवनबाई, ज्वारीच्या बाटीत बोटानं खळगा करायची अन् वर तूप ओतायची. आधी लेकीच्या, मग स्वतःच्या, उरलं ते बापाच्या. सगळ्या जगात असंच वाढतात, असं मिनाला वाटायचं.

तसं नाही, हे तिला भागवतमुळं कळलं.

हिंगोलीहून पुसेगावला निघालेल्या जीपमध्ये दोघांच्या मांडीवर सारख्याच स्टीलच्या किटल्या होत्या; मिनाच्या किटलीत बाजारात विकून उरलेलं तूप. वळणावर जीप हिंदकळली, तिची ओढणी त्याच्या घड्याळात अडकली... ती सोडवता सोडवता दोघंही लाजले, आणि उतरताना किटल्या बदलल्या. घरी याडीनं बाटीवर ओतलं, तर करडईचं तेल. किटलीवर नाव कोरलेलं: शकुबाई, साखरा.

पुढच्या बाजाराला तो फाट्यावर उभाच होता. हातात जिवनबाईच्या नावाची किटली. रिकामी.

“तूप कुठं गेलं?”

“खाल्लं,” तो पायाकडं बघत म्हणाला. “आबानं, दादानं... जास्त मीच. लई रवाळ होतं. तुमी कढवलं व्हय?”

“याडीनं. आन् तुमच्या आईनं न्हाई खाल्लं?”

“आईला तूप बाधतं.”

“म्हणजे काय होतं?”

“काय की. बाधतं म्हणते. आमच्या घरी बायांचं करडईच्या तेलावरच भागतं. चटणीवर धार सोडली की झालं.”

“माझ्या मैत्रिणीच्या, पुजाच्या आईलाबी बाधतं. ज्योतीच्याबी. गावातल्या सगळ्या आयांनाच कसं काय बाधतं हो? तांड्यावर तर कुणालाच बाधत न्हाई.”

भागवत हसला. मिना हसली नाही.

पण बाजार काही चुकले नाहीत. लसणाच्या चटणीवर करडईचं तेल घ्यायची तिला गोडी लागली, आणि त्याला तिच्या वाटेकडं बघायची. तूर फुलली तेव्हा त्यानं फाट्यावर विचारलं, “घरी बोलू का... आपलं?”

‘व्हय’ अगदी ओठावर आलं होतं. मिनानं ते गिळलं.

“आधी तुमच्या घरी जेवीन. मग सांगीन.”

“परीक्षा घेऊन राहिल्या व्हय माझी?”

“तुमची न्हाई,” ती म्हणाली, “तुमच्या आईच्या ताटाची.”

मग एका रविवारी मायलेकी साखऱ्याला गेल्या, जिवनबाईच्या हातात तुपाची किटली. भागवतचे वडील, आबा, ‘या’ म्हणाले, पण तांड्याचे पाहुणे पंगतीला म्हणून जरा ताठच बसले होते. शकुबाईंनी सगळ्यांना वाढलं. भाकरीभाकरीवर तूप पडलं. मग “तुमी जेवा, मी बसते मागून” म्हणत त्या रिकामी वाटी घेऊन आत गेल्या.

मिनाच्या जागेवरून चूल दिसत होती. शकुबाई भाकरीच्या तुकड्यानं ती वाटी पुसत होत्या. हळूहळू, कडेकडेनं. तुकडा तोंडात घातला अन् त्यांचे डोळे मिटले.

मिनाचा घास हातातच राहिला. उद्या त्या चुलीपाशी आपण...

तिची नजर कुठं लागली ते भागवतनं पाहिलं. तो उठला. किटली उचलली, चुलीपुढं बसून आईच्या भाकरीत बोटानं खळगा केला, तांड्यावर करतात तसा, आणि तूप ओतू लागला.

“आरं, बाधतं मला,” शकुबाई म्हणाल्या. पण हात काही आडवा आला नाही.

“आई, कवा बाधलं होतं?”

शकुबाईंनी पदर सारखा केला. आबांकडं पाहिलं, मग वितळत्या तुपाकडं.

“कवाच न्हाई,” त्या म्हणाल्या. “मला तर लई आवडतं रं. तुमा तिघांना पुरावं म्हणून म्हणायची... मग तीच सवय झाली.”

आबांचं जेवण थांबलं. स्वतःचा पाट उचलून त्यांनी चुलीपाशी नेऊन टाकला, बायकोसाठी.

मिना ताट घेऊन शकुबाईंच्या शेजारी जाऊन बसली. भागवतच्या हातातली किटली अजून तिरपीच होती.

“धरा नीट, सांडून राहिलं,” ती म्हणाली. मग हळूच, त्याच्याकडं न बघता, “ते तुमी फाट्यावर विचारलं होतं ना... माझं व्हय हाय. तवाबी होतं.”