सिंधुशेजारची जागा

लातूर जिल्हा नवा नवा झाला होता, तेव्हाची गोष्ट. कलेक्टर आले, कचेऱ्या आल्या, पाट्यांना ताजा रंग लागला. आला नाही तो पाऊस. नळाला पाणी यायचं तेही घाईतल्या पाहुण्यासारखं, आलं कधी अन् गेलं कधी कळायचंच नाही. अशा दिवसांत तिथल्या एका कॉलेजात भुजंग सर नाटकाच्या पोरांना ग्रीक शोकांतिका शिकवत होते. आता तुम्ही म्हणाल, प्यायला पाणी नाही तिथं ग्रीकांचं काय घेऊन बसलात? पोरंही हेच म्हणायची. पण सरांना त्याचं वेड होतं, अन् वेडाला दुष्काळ ठाऊक नसतो.

सर मूळचे नायगावकडचे. छप्पन साली, धर्मांतराच्या वेळी, त्यांच्या आईनं, केवळाबाईनं, घरातले देव टोपलीत घालून स्वतःच्या हातानं नदीत सोडले. तेव्हापासून त्या घरात ना भूत ना भगत. पुढं बहात्तरच्या दुष्काळात खडी फोडता फोडता केवळाबाई तापानं गेली. सर तेव्हा औरंगाबादला शिकत होते. तिचा चेहरा त्यांना आठवायचा, खडीनं फुटलेली बोटं आठवायची, दुष्काळी कामावर खायला मिळायची ती सुकडी ती लेकासाठी पदराच्या गाठीत राखून ठेवायची, तिचा वास तर नाकातच बसलेला. आठवायचा नाही तो तिचा आवाज. डोळे मिटून किती आठवावा, ओठ हलताना दिसायचे आणि ऐकू काही यायचं नाही. फार जिवाला लागायचं ते त्यांच्या.

वर्गात सर सांगायचे, शोकांतिकेतला नायक वाईट नसतो. तो एकच चूक करतो, तीही बऱ्याचदा मायेपोटी. मग दैव फिरतं, मग उशिरानं ओळख पटते, आणि बघणाऱ्याच्या पोटात करुणा अन् भीती एकदमच उठतात. एवढं पोरांना कळलं. घोडं अडलं ते वृंदापाशी. वृंद म्हणजे नाटकातलं गाव. जे घडतंय ते बघून एका सुरात बोलणारी माणसं. आपली पोरं बोलायची ती रेशनच्या दुकानापुढं कालवा केल्यासारखी.

तालीम गावाबाहेरच्या तळ्यात चालायची. तळं आटून ठणठणीत झालेलं, मातीला भेगा पडलेल्या, आणि आवाज घुमायचा मोठा झकास. एका संध्याकाळी सरांना सुचलं. गाव म्हणजे काय नुसती जिवंत माणसं असतात होय? त्यांनी पोरांना सांगितलं की आपापलं गेलेलं माणूस शेजारी उभं आहे असं समजा, आणि त्याला माणूसभर जागा सोडा. कुणी आजासाठी सोडली, कुणी भावासाठी. उदगीरकडची सिंधु तेवढी घोटाळत राहिली. माझं कुणीच गेलं न्हाई सर, म्हणाली. पोरं हसली, लई नशिबाची हायेस म्हणाली. सरही हसले.

"मग माझी माय घे," ते म्हणाले. "केवळाबाई. तुझ्या डाव्या हाताला."

सिंधु गुणी पोरगी. तिनं डावीकडं जागा सोडली.

त्या दिवशी वृंद पहिल्यांदा जमला. सगळ्यांचा मिळून एकच आवाज झाला, आणि त्या आवाजाच्या बुडाशी आणखी एक आवाज होता. वयस्कर, जरासा घोगरा, शब्दाचं शेपूट लांबवणारा. सरांना वाटलं, तळं घुमतंय. ते बांधावर जाऊन उभे राहिले, मग पलीकडून ऐकलं. सिंधु तापानं आली नाही त्या दिवशी आवाज नव्हता. ती आली तसा तोही आला. सर अगदी तिच्याजवळ जाऊन उभे राहिले, तर आवाज तिच्या तोंडातून नव्हे, डावीकडून येत होता. मग मात्र त्यांनी तपासणं सोडून दिलं. बांधाआड बसून ते लहान पोरासारखे रडले, आणि सांगू का, इतक्या सुखानं ते कित्येक वर्षांत रडले नव्हते.

तालमी वाढल्या. पोरांचे घसे बसले तरी सर म्हणायचे, अजून एकदा.

सिंधु बदलली ती हळूहळू. आधी ओढणीच्या टोकाला गाठ मारायला लागली. मग बसली की एक पाय पसरून बसायची, आणि हाताखाली दगड असल्यासारखं मूठ वर-खाली करायची. पोरांना वाटलं, भूमिकेत शिरून राहिली. एकदा सर्वांना खारे दाणे वाटले, तर तिनं आपले खाल्ले नाहीत, ओढणीत बांधून ठेवले. जाता जाता सरांपाशी आली आणि गाठ सोडून दाणे त्यांच्या हातावर ठेवले.

"खा, भुजा. किती वाळलास रं."

भुजा म्हणणारं माणूस जगात एकच होतं. तिथंच थांबायला हवं होतं त्यांनी. शहाण्या माणसाला एवढी खूण बास असते. पण त्यांनी दाणे खाल्ले, आणि मनाशी म्हणाले, प्रयोग होऊ दे, मग थांबू.

तेवढ्यात पाण्याअभावी होस्टेल बंद झालं. सिंधुला न्यायला तिची आई शिवम्मा उदगीरहून आली आणि पिशवी काखेत मारून थेट तळ्यातच उतरली. पोरीपुढं जाऊन हसत उभी राहिली. सिंधुनं तिला खालवर न्याहाळलं, आणि परक्या बाईपुढं घ्यावी तशी ओढणी डोक्यावर घेतली.

"कोण पाहिजे, बाई?"

शिवम्माला आधी वाटलं, नाटक चाललंय. तिनं पोरीच्या गालावर हात फिरवला. पोरगी दोन पावलं मागं सरली. तशी शिवम्माच्या तोंडचं पाणीच पळालं. ती सरांकडं वळली.

"मास्तर, अंग माझ्या पोरीचं हाय. आत दुसरंच कुणी हाय."

ओळख पटणं म्हणजे काय ते सरांनी फळ्यावर किती वेळा लिहून दिलं होतं. ते आता त्यांना कळलं. त्यांनी पोरांना बांधावर पाठवलं. शिवम्मा हलली नाही. सर सिंधुजवळ गेले, डावीकडच्या रिकाम्या जागेकडं बघायचं धाडस झालं नाही.

"माय, पोरीला सोड."

उत्तर सिंधुच्या तोंडून आलं. आवाज तिचा नव्हता.

"मग मी कुणापाशी राहू?"

"माझ्यापाशी. चल घरी."

पोरगी त्यांच्याकडं बघत राहिली. वारा नव्हता.

मग तिनं डोळे मिटून उघडले, समोर शिवम्मा दिसली, आणि ती "अव्वा" म्हणून तिच्या गळ्यात पडली.

सर त्या दोघींना सोडायला स्टँडवर गेले. रस्ताभर ते डावीकडं जागा सोडून चालले. गर्दीत कुणी त्या बाजूला घुसलं तर हात आडवा धरायचे. मन भरून आलं होतं. आज खोलीवर चूल पेटवायची, दोन भाकरी जास्त टाकायच्या, असं काय काय ठरवत होते.

उदगीरची गाडी भरलेली होती. शिवम्मा खिडकीशी बसली, सिंधु कडेला. मध्ये जागा होती. एक म्हातारा काठी टेकत आला, सरका म्हणाला.

"न्हाई बाबा," शिवम्मा म्हणाली. "बाई बसल्यात इथं."

म्हातारा पुढं गेला. सर खिडकीखाली उभे होते. शिवम्मानं वाकून हळूच विचारलं,

"तुमच्या वळखीच्या हैत का, मास्तर? गरीब हैत बिचाऱ्या. पण पोरीचा हात काही सोडीनात."

गाडी हलली. सिंधुनं हसून सरांना उजवा हात हलवला. डावा हात सीटवर तसाच होता, अन् त्याची बोटं दाबल्यासारखी पांढरी पडली होती.